खड्ड्यावरची सतरंजी

मित्रांनो, आमच्या गावच्या विठ्ठलमंदिरात कधी आलात तर ओसरीत दोरीने टांगलेली एक लांब वेळूची दांडी दिसेल. त्या दांडीवर निळ्या-तांबड्या पट्ट्यांची एक जुनी सतरंजी घडी घालून ठेवलेली असते. तिच्या एका कोपऱ्याला हिरव्या लुगड्याचं ठिगळ आहे. ती सतरंजी म्हणजे मीच. रंग आता उडाले आहेत, काठ उसवले आहेत, पण अजून अंग धरून आहे. देवाच्या दारात आणि लेकरांच्या शाळेत माझं आयुष्य गेलं. त्याचीच गोष्ट तुम्हाला सांगते.

माझा जन्म भंडाऱ्याकडच्या एका हातमागावर झाला. विणणारा म्हातारा बाबा मोठा भाविक होता. धोटा इकडून तिकडे सरकवताना त्याच्या तोंडात नामस्मरण चालू असायचं. म्हणून मी म्हणते, की सूत होते तेव्हापासूनच मी भजनाला बसले आहे. ते साल एकोणीसशे नव्व्याण्णव. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. आमच्या गावचे पंच परसरामभाऊ मला बैलगाडीतून घेऊन आले, तेव्हा पारावर बसलेलं कुणीतरी म्हणालं, "जिल्हा वेगळा झाला नं भाऊ, मंग सतरंजी काऊन भंडाऱ्याची?"

"जिल्हा सरकारनं तोडला," परसरामभाऊ म्हणाले. "सूत कोणी तोडलं नाही."

आमचं गाव केशोरीच्या पलीकडे, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाच्या पायथ्याशी वसलेलं आहे. इथले लोक कोहळी समाजाचे. त्यांच्या बापजाद्यांनी पाळ घातली, तलाव बांधला, आणि त्याच्या पाण्यावर आजही धानाच्या बांध्या पिकतात. असं गाव फार मानी असतं. पाहुणा आला तर घरात नसलेलंही ताटात वाढतील. मित्रांनो, हा स्वभाव जरा ध्यानात ठेवा, कारण पुढे त्यानेच घोटाळा केला.

माघ महिन्यात देवळात सप्ताह बसायचा आणि माझे खरे दिवस सुरू व्हायचे. सारवलेल्या अंगणात मला अंथरलं, की आधी पोरं लोळून घेत. मग म्हातारी माणसं गुडघे धरत धरत येत. पखवाजावर थाप पडली, टाळ घुमू लागले, की कीर्तनकार जागेश्वर महाराज उभे राहायचे. काय त्यांचा गळा, आणि काय ती जीभ! पूर्वरंगात वेदांत सांगतील, तो ऐकताना आपण काही फार शहाणे नाही हे कळायचं. आणि उत्तररंगात अशी कथा रंगवतील की शेंगा सोलणाऱ्या बायांचे हात थांबायचे. मध्येच कोणी पेंगलं की महाराज टाळ थांबवून म्हणत, "कोण घोरून राह्यलं जी मागं? उठवू नका त्याले. घरी बायको झोपू देत नसन. देवाच्या दारी तरी झोपू द्या." हसण्याची लाट माझ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. आणि पुढच्याच घटकेला महाराज असा एक सूर लावायचे, की हसणारी तीच माणसं पदराने डोळे पुसायची. ते सुख मी अंगावर झेललं आहे. माणसाचं मन कधी भरून आलं हे बसणीवरून कळतं. बसलेला माणूस जरा जड होतो.

मला अंथरायची, झाडायची आणि उन्हात घालायची ती शांतीबाई. देवळाची झाडलोट तिच्याकडे होती. घरी मुलगा उमेंद्र आणि नात दुर्गेश्वरी. सून पोर लहान असतानाच वारली होती, त्यामुळे दुर्गेश्वरी आजीच्या पदराला धरूनच वाढली. मला दांडीवर टाकताना एक टोक आजी धरायची, दुसरं नात. नातीचा हात पुरायचा नाही. मग ती उडी मारायची.

सप्ताह संपला की मी वर्षभर दांडीवर रिकामी असायचे. तिकडे देवळाला लागून जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते सातवी, दोन खोल्या, वर कवेलूंचं, म्हणजे कौलांचं छप्पर. पाळीचा पाझर त्या जमिनीखालून जायचा, त्यामुळे भुई बारा महिने ओली. पोरं पोत्यावर बसत आणि चड्ड्या ओल्या करून घरी जात. केशोराव गुरुजींनी एकदा चाचरत परसरामभाऊंना विचारलं, "भाऊ, देवळातली सतरंजी शाळेला मिळाली तर बरं होईल."

परसरामभाऊंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "देवाची सतरंजी आहे, गुरुजी. पोट्टे शाई सांडवतीन."

शांतीबाई तिथेच ओसरी झाडत होती. तिने मान वर केली नाही. "देव तं उभाच आहे जी विटंवर," ती म्हणाली. "त्याले सतरंजी कायले पाह्यजे? बसतात तं लेकरं."

गुरुजी हसू दाबत राहिले. परसरामभाऊ थोडा वेळ विठ्ठलाकडे बघत उभे राहिले, आणि मग त्यांनीच मला खांद्यावर टाकून शाळेत नेलं.

तेव्हापासून मी दोन घरची झाले. माघात कीर्तन, एरवी पाढे. शाई सांडली, ती सांडलीच. बोरांच्या बिया माझ्या घडीत सापडल्या. एका पहिलीतल्या पोराने तर माझी एक पट्टी नदी समजून वर्षभर तिच्यात कागदी होड्या चालवल्या. मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. कीर्तनात माणसं देवाचं नाव घेतात आणि शाळेत पोरं स्वतःचं नाव लिहायला शिकतात. दोन्ही वेळी त्यांचे चेहरे सारखेच दिसतात.

वर्षं गेली. मोठ्या वर्गांच्या खोलीची भुई पाझराने आतून पोखरली आणि मधोमध खचली. एवढा खड्डा पडला की त्यात एक शेळी आरामात बसली असती, आणि एकदा खरंच बसली होती. मागच्या भिंतीला तळापासून आढ्यापर्यंत चीर गेली. पावसात पोरं कवेलूंतून गळणाऱ्या धारा चुकवत जागा बदलायची. गुरुजी तालुक्याला सांगून सांगून थकले. उत्तर एकच, पैसा नाही.

आणि आमच्या शाळेत सातवीच्या पुढे वाट नव्हती. आठवी केशोरीला. मधे जंगल. मोहाची फुलं पडायच्या दिवसांत त्या वाटेवर अस्वल उतरायचं. मुलगे टोळी करून सायकलने जात, मुली घरी राहत. निशा नावाची मुलगी सातवीत पहिली आली होती. दुसऱ्या वर्षी ती मला धानाच्या रोवणीला जाताना दिसली. शाळेच्या दाराशी जरा थांबली, आत पाहिलं, आणि बायांच्या मागे गेली.

आता दुर्गेश्वरी सातवीत होती. उमेंद्र वाईट माणूस नव्हता. पण अस्वलाने नांगरलेला एक माणूस त्याने डोळ्यांनी पाहिला होता. "तिले त्या वाटेनं मी नाही पाठवत," तो आईला म्हणाला. "सातवी झाली, बस झालं. दोन शेळ्या घेऊन देतो, चारत राहीन." आणि बाजारातून त्याने दोन शेळ्या आणल्यासुद्धा. दुर्गेश्वरीने त्यांना पाला घातला, पण त्यांना नावं काही दिली नाहीत. शांतीबाईने ते पाहिलं.

अशात दिवाळीनंतर गुरुजी तालुक्याहून एक बातमी घेऊन आले. त्या वर्षी राज्य सरकारने शाळा-कॉलेजांसाठी निधी वाढवला होता. ज्या गावांत शाळेची अवस्था वाईट आहे, तिथे नव्या पक्क्या खोल्या मिळणार होत्या, आणि खोल्या झाल्या की आठवीही गावातच सुरू करता येणार होती. गोंदियाहून एक साहेब स्वतः पाहायला येणार आणि ठरवणार. गुरुजींनी हे सांगितलं तेव्हा शांतीबाई देवळातून शाळेच्या दारापर्यंत आली होती.  परत जाताना ती विठ्ठलापुढे जरा जास्त वेळ उभी राहिली.

ठरलेल्या दिवशी गुरुजी साहेबांना आणायला सकाळीच तालुक्याला, अर्जुनीला गेले. आणि गावात परसरामभाऊंनी कंबर कसली.

"गोंदियाचा साहेब येऊन राह्यला," ते म्हणाले. "गावाचं नाक राह्यलं पाह्यजे."

मित्रांनो, महाराज येणार म्हणून जशी तयारी व्हायची, तशी तयारी झाली. शाळेला चुना फासला. दारात सडा, रांगोळी, आंब्याच्या पानांचं तोरण. भिंतीच्या चिरीवर देवळातला भरजरी पडदा टांगला. फुटक्या कवेलूंखाली ताडपत्री ताणली आणि तिच्यावर पताका चिकटवल्या. राहिला तो खड्डा. उमेंद्रने खळ्यावरून भारा भारा धानाची वाळकी तणस आणली, ती खड्ड्यात दाबून बसवली, आणि वरून मला अंथरलं. माझ्यावर हात फिरवून तो म्हणाला, "पाहा, कोणाले मालूम पडते का आता."

कुणालाच मालूम पडलं नसतं. पोरांना ताकीद होती की मधोमध पाय द्यायचा नाही. तिकडे शाळेशेजारच्या धुरपताबाईच्या चुलीवर उडदाचे वडे तळले जात होते. सगळ्या गावाने जीव ओतून शाळेचं दुखणं झाकलं होतं, आणि सगळं गाव खूश होतं. शांतीबाईनेही रांगोळीला हात लावला होता. चांगलं दिसलं तर साहेब खूश होतील आणि खूश झाले तर देतील, असा साधा हिशेब. कीर्तनकाराच्या बाबतीत तो नेहमी बरोबर यायचा.

जीप आली. गुरुजी आधी उतरले. शाळा पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. पण साहेबांसमोर गावाला काय बोलणार? परसरामभाऊ हार घेऊन पुढे झाले होते.

साहेब आत आले, खुर्चीवर बसले. दुर्गेश्वरीने स्वागतगीत म्हटलं. साहेबांनी पांढऱ्या भिंती पाहिल्या, पताका पाहिल्या, ओळीत बसलेली पोरं पाहिली. "बहुत बढिया, परसरामजी," ते म्हणाले. "इतकी सुंदर शाळा मी या भागात पाहिली नाही. गाव असं पाहिजे."

परसरामभाऊंची छाती फुगली. "सब विठ्ठलाची कृपा आहे, साहेब."

"तुम्हाला काही गरजच नाही म्हणा," साहेब उठत म्हणाले. "तिकडे चिचगडच्या बाजूला शाळांची हालत फार वाईट आहे. आधी त्यांचं पाहू. तुमचं पुढे कधीतरी."

 चुलीवरच्या वड्यांचा चर्र आवाज तेवढा येत होता. परसरामभाऊंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण आता ते चुकून राहिलेलं होतं. गुरुजींनी तोंड उघडलं, परसरामभाऊंकडे पाहिलं, पुन्हा मिटलं. सगळ्यांना कळलं होतं. पण पाहुण्यापुढे गावची लाज आपल्या हाताने उघडी करायची, हे त्या गावात कुणी कधी केलं नव्हतं. साहेब दारापर्यंत पोचले.

दुर्गेश्वरीने मागे वळून आजीकडे पाहिलं. तेवढंच.

शांतीबाई भिंतीशी उभी होती. ती पुढे आली, पोरांना म्हणाली, "सरका रे बाबू," आणि वाकून माझा कोपरा धरला.

"शांतीबाई," परसरामभाऊ दबक्या आवाजात म्हणाले, "काय करून राह्यली?"

"कार्यक्रम झाला नं, भाऊ. सतरंजी झाडाव लागते."

तिने ओढलं. माझा कोपरा फळ्याच्या पायातल्या खिळ्यात अडकला होता. तो टर्रकन फाटला. दुखलं, पण तिने थांबू नये असंच मला वाटत होतं. मी बाजूला झाले आणि मधोमध तणशीचा ढीग उघडा पडला. शांतीबाईने दोन्ही हातांनी तणस उपसायला घेतली. खालून ओल्या मातीचा वास आला आणि खड्डा दिसू लागला.

"साहेब," ती वाकलेलीच म्हणाली, "आमच्या गावात पाव्हण्याले फाटकं दाखवत नाही. तुमाले पाव्हणा समजलो, तेच चुकलं. माही नात या खड्ड्याच्या काठावर बसून सातवीपर्यंत शिकली. आता तिच्या बापानं शेळ्या आणल्या आहेत. तुमी जाऊन राह्यले तं जा. पण पाहून जा."

 दाराशी उमेंद्र होता, तो खाली पाहू लागला. मग साहेब परत आले आणि खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले. "हे झाकलं का होतं?" त्यांनी विचारलं.

उत्तर देणं परसरामभाऊंच्याच वाट्याला आलं. "तुमच्यासाठी, साहेब," ते म्हणाले. आणि ते इतकं खरं होतं, की साहेबांना आधी हसू आलं आणि मग ते त्यांना आवरेना. गुरुजी हसले. बाया पदर तोंडाशी नेऊन हसल्या. परसरामभाऊ सरळ भिंतीकडे गेले आणि त्यांनी देवळाचा पडदा स्वतःच्या हाताने खाली ओढला. "हे पण पाहा मंग," ते म्हणाले. "माहा अख्खा हात जाते याच्यात."

पुढे काय विचारता! ज्यांनी सकाळपासून झाकलं, तेच आता दाखवायला चढाओढ करू लागले. एकाने ताडपत्री सोडली. दुसरा म्हणाला, "साहेब, पावसात आले असते तं मजा पाह्यली असती." धुरपताबाईने वड्यांची परात आणून मधे ठेवली आणि म्हणाली, "खाऊन घ्या जी, खड्डा कुठं पळत नाही." साहेबांनी वडे खाल्ले, खड्डा मापला आणि काही कबूल न करता गेले.

त्यानंतर बरेच दिवस काहीच कळलं नाही. परसरामभाऊ शांतीबाईशी बोलेनासे झाले. देवळात आले की हात जोडून निघून जात. ती पण आपलं काम करत राहिली. तिने माझा फाटलेला कोपरा जोडायला आपलं एक हिरवं लुगडं फाडलं. ठिगळ लावताना ती पुटपुटली, "विठ्ठला, लाज गेली तं गेली. निदान पोरीचं होऊ दे." दुर्गेश्वरी सुई ओवून देत होती. तिने ऐकलं, पण ऐकल्याचं दाखवलं नाही.

माघात सप्ताह बसला. जागेश्वर महाराजांच्या कानावर हे सगळं कुणीतरी घातलं होतं. उत्तररंगात, टाळ टिपेला पोचले असताना, महाराज एकदम थांबले.

"एका गावात डॉक्टर आला," ते म्हणाले. "घरच्यांनी आजाऱ्याले आंघोळ घातली, नवं धोतर नेसवलं, गंध लावलं, बसवलं. डॉक्टर म्हणे, हा तं ठणठणीत आहे, आणि गेला. सांगा बापा, आजारी कोण? धोतर नेसलेला, का नेसवणारा?"

सगळ्यांच्या माना परसरामभाऊंकडे वळल्या. ते माझ्या पहिल्याच पट्टीवर बसले होते. मला त्यांच्या बसणीत एक अवघडलेपण जाणवलं, आणि मग ते सैल झालं. "नेसवणारा, महाराज," ते मोठ्याने म्हणाले. "पण धोतर मोठं सुंदर होतं."

मंडप हसला. कीर्तन संपल्यावर परसरामभाऊंनी बुक्का लावून घेतला, शांतीबाईपुढे आले आणि म्हणाले, "सतरंजी झाडाव लागते नं? धरा एक टोक." दोघांनी मिळून मला झाडलं. मित्रांनो, इतकी धूळ माझ्यातून आयुष्यात कधी निघाली नाही.

होळीच्या सुमाराला गुरुजी सायकल न थांबवताच ओरडत आले. दोन खोल्या मंजूर झाल्या होत्या, आणि आठवीही. उन्हाळाभर काम चाललं. पाझराचं पाणी वळवायला दगडी नाली घालावी लागली. तिथे मात्र कोहळ्यांना कुणी शिकवावं लागलं नाही, सगळं गाव कुदळी घेऊन उतरलं. पाऊस येण्याआधी स्लॅब टाकून झाला.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा बाकं आली नव्हती. म्हणून आठवीच्या पहिल्या दिवशी मलाच बोलावणं आलं. नव्या खोलीत गुळगुळीत फरशीवर मला पसरलं आणि मी चकित झाले. इतकी वर्षं मी उंचसखल भुईवर पडत आले होते. पहिल्यांदाच माझ्याखाली झाकण्यासारखं काही नव्हतं. निशाही आली होती, गुरुजींनी घरी जाऊन तिच्या बापाला राजी केलं होतं. दुर्गेश्वरी तिच्याशेजारी बसली. जरा वेळाने उमेंद्र त्या दोन शेळ्या हाकत खिडकीवरून गेला. चालता चालता त्याने आत पाहिलं. दुर्गेश्वरीचं लक्ष नव्हतं. ती वहीवर आपलं नाव घालत होती. तो थोडा थांबला आणि शेळ्यांना हळू आवाजात दटावत पुढे गेला.

पुढे बाकं आली आणि शाळेतलं माझं काम संपलं. मधली दोन वर्षं मी शाळेच्या कपाटामागे पडून होते, उंदरांनी काठ कुरतडला. मग शांतीबाईलाच आठवण झाली आणि तिने मला देवळात आणलं. आता तिचे हात थरथरतात, म्हणून गावातली लेकरं मला ऊन दाखवतात.

मित्रांनो, मला ऊन दाखवा, झाडा, कोरडी ठेवा, एवढंच माझं मागणं आहे. पण तुमच्या शाळेसाठी आणखी एक सांगते. शाळा तुमची आहे. तिच्यासाठी आलेला पैसा तुमचा आहे. तिला जपा, आणि तिचं कुठे दुखत असेल तर न लाजता सांगा. कधी एखाद्या शाळेत पाहुण्यांसाठी सुंदर सतरंजी अंथरलेली दिसली, तर तिचं कौतुक जरूर करा. आणि मग तिचा एक कोपरा उचलून खाली पाहा.